इंदूताईचा हातगुण

इंदूताई शिगवणचे तळहात लाल होते. मेंदी न लावता लाल. अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीकडची कड तेवढी लाल, मधला भाग तुमच्याआमच्यासारखा. बिल्डिंगमधल्या बायका तिचा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघायच्या आणि ‘लक्ष्मीचे हात आहेत गं’ म्हणायच्या. ती कावीळ उतरवायची, त्यामुळे ‘हातगुण असतो तो असा डोळ्यांना दिसतो’ असंही म्हणायच्या. इंदूताईला हे आवडायचं. असं कुणी म्हणत असताना ती हात लगेच मागे घेत नसे.

हाटकेशच्या कारखान्यांच्या वस्तीत ज्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, तिथेच ती तिसऱ्या माळ्यावर राहायची. नवरा शेजारच्या पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात होता, मुलगी लग्न होऊन घोडबंदरला गेलेली. माहेर-सासर दोन्ही खेडकडचं. मी परभणीकडची. दुकान सुरू केलं त्या दिवशी मी भिंतीवर बुद्धाची तसबीर लावत होते, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. तिने तसबीर बघितली, मग मला बघितलं. आता ही काय विचारणार ते मला पाठ होतं. आडनाव, मग गाव, मग ‘म्हणजे तुमच्यात...’. तिने विचारलं, “पाणी आहे काय गो? जिने उतरून घसा सुकला.” मी तांब्या पुढे केला आणि तिने न विचारताच सांगून टाकलं, मी परभणीची. तिने तो सरळ तोंडाला लावला, अर्धा संपवला आणि म्हणाली, “मला वाटलं परभणीचं असेल. हे तर आपलंच, टँकरचं.” त्या दिवसापासून ती माझी इंदूताई झाली, हे मी कुणापासून लपवलेलं नाही.

काविळीची माळ तिला सासूकडून मिळाली होती. गावाहून आणलेल्या कसल्याशा वेलीच्या ओल्या काड्या, त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, ते पांढऱ्या दोऱ्याच्या गाठींत घट्ट अडकवायचे. माळ आधी डोक्यावर टोपीसारखी बसते, मग दिवसागणिक लांबत गळ्यात उतरते, छातीवर येते. पोटापर्यंत आली की कावीळ उतरली, माळ फळझाडाला टांगायची. रविवारी सकाळी उपाशीपोटी यायचं. देणारीने काही घ्यायचं नाही, घेणाऱ्याने निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही. हळद, तेल, दारू बंद. असे सगळे नियम होते आणि इंदूताई ते पोलिसासारखे पाळून घ्यायची.

सासूचा आणखी एक नियम होता, दोरा बाहेरच्या कुणाच्या हातचा नको. इंदूताईने तो पहिल्याच वर्षी मोडला. माझ्याकडचा सुती दोरा मजबूत म्हणून ती माळेला माझाच दोरा न्यायची, काड्या ओवायला माझीच सुई घ्यायची, आणि हात भरून आला की मलाच गाठी मारायला बसवायची. मी एकदा म्हटलं, “ताई, काड्या ओल्या असतात. सुकल्या की बारीक होतात, गाठ सैल पडते, म्हणून माळ वाढते. कावीळ उतरो नाहीतर न उतरो.”

“मला काय कळत नाय?” ती म्हणाली. “भिंतीवरच्या खिळ्याला टांगली तरी वाढते.”

“मग घालतेस कशाला?”

“माळ गळ्यात असली की माणूस पडून राहतो. बाटलीला हात लावत नाय. डॉक्टर सांगतो तेव्हा ऐकतात काय? लाज माळेची असते, डॉक्टरची नसते.”

माळेबद्दल ती अशी मोकळी होती. पण एका बाबतीत मात्र तिचा ठाम विश्वास होता, तो म्हणजे डोळे. रोगी आला की ती त्याला जिन्याच्या खिडकीपाशी न्यायची, पापणी खाली ओढायची आणि पांढरा भाग बघायची. पिवळा असेल तर माळ. पिवळा नसेल तर ‘जा, काय झालेलं नाय तुला’. कुणी कितीही कुरकुरो, थकवा येतोय म्हणो, जेवण जात नाही म्हणो, डोळे पांढरे तर यकृत ठणठणीत. आमच्याकडे सगळे असंच मानतात. कावीळ म्हणजे पिवळं, आणि पिवळं नाही म्हणजे कावीळ नाही. ज्या घरात काविळीने माणूस गेलेला असतो, तिथेसुद्धा हेच मानतात.

आता तिच्या ब्लाउजबद्दल सांगते. शिंपिणीला गिऱ्हाइकाचं अंग आरशाच्या आधी कळतं. इंदूताई तशी भरल्या अंगाची. पण एका दिवाळीला तिच्या बाह्या मी आत घेतल्या. संक्रांतीला पुन्हा घेतल्या. दंड उतरत होते, गळ्याखालची हाडं वर आली होती, आणि त्याच वेळी परकराची नाडी मात्र तिला पुरेना. माणूस वाळतो तेव्हा सगळीकडून वाळतो आणि सुटतो तेव्हा सगळीकडून सुटतो. वरून वाळून खालून सुटणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. दंडावर निळे डाग होते. “कुठे आपटलीस?” तर म्हणे आठवत नाही. छातीच्या वरच्या भागावर लाल बारीक टिपके, त्यांतून कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषा निघालेल्या. पायातली जोडवी इतकी रुतली की सोनाराकडून कापून घ्यावी लागली. बसल्या बसल्या पाठ दाराच्या कडेला घासायची, इतकी खाज. डब्यातली भाकरी अर्धी माझ्या ताटात टाकायची, दोन घासांत पोट भरतं म्हणून.

मी म्हटलं, “ताई, हे काही बरोबर नाही. एकदा दाखवून ये.”

ती उठली, माझ्या ट्रायलच्या आरशासमोर गेली, स्वतःची पापणी खाली ओढली. “बघ. दूध आहे दूध. मी लोकांची कावीळ बघते, मला माझी दिसणार नाय?”

आणि खरंच डोळे पांढरेशुभ्र होते. मी पुन्हा बोलले, पुन्हा तिने आरसा दाखवला. शेवटी मला त्या आरशाचाच राग यायला लागला.

दवाखान्यात ती गेली, पण स्वतःसाठी नाही. भांडायला गेली. झालं असं, की नाक्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई नव्याने बसायला लागल्या होत्या. त्यांनी इंदूताईने माळ घातलेल्या एका रिक्षावाल्याला ती काढून ठेवायला सांगितली. रिक्षावाला उत्तरेकडचा, भोळा. त्याने येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं, “दीदी, मॅडम बोली ये सब फालतू है.” इंदूताईने पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाली, “शटर अर्धं ओढ. साक्षीला चल.”

दवाखान्यात गर्दी होती. ती रांगेत बसली, म्हणजे नियमाने भांडायला बसली. नंबर आल्यावर आत गेली आणि खुर्चीवर न बसता सुरू झाली. “माझी माळ तुला फालतू वाटली काय? माझ्या सासूने डोंगरभर लोकांना घातली. तू काल आलीस. हे हात बघ माझे, या हातांनी—” आणि तिने दोन्ही तळवे डॉक्टरीणबाईंच्या नाकासमोर धरले.

डॉक्टरीणबाई काहीतरी उलट बोलायच्या बेतात होत्या, पण थांबल्या. त्यांनी दिवा जवळ ओढला. “मावशी, हात असेच ठेवा. हे लाल कधीपासून आहेत?”

“कशाला? भविष्य सांगतेस?”

“खाज येते का?”

इंदूताईने नकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, “येते.” माझ्याकडे तिने असं बघितलं, की साक्षीदार फुटला. पण मी फुटलेच होते, तर पुरतीच फुटले. बाह्या, नाडी, जोडवी, निळे डाग, अर्धी भाकरी, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी तिला झोपवून पोट तपासलं, पायावर अंगठा दाबून पडलेला खड्डा बघितला. मग शांतपणे म्हणाल्या, “हात लाल असले म्हणजे रोग असतोच असं नाही. पण हे सगळं एकत्र आहे ना, म्हणून रक्त तपासू. सोनोग्राफी करू.”

“माझे डोळे बघ ना आधी,” इंदूताई म्हणाली. आवाज जरा खाली आला होता.

“बघितले. पांढरे आहेत. यकृत आतून बिघडलं तरी कित्येकदा फार उशिरापर्यंत पांढरेच राहतात.”

रिपोर्ट आले. हिपॅटायटिस बी. हा विषाणू रक्तात वर्षानुवर्षं मुक्काम करून होता, यकृत आतून निबर होत चाललं होतं, पोटात थोडं पाणी धरलं होतं. कुठून आला असेल? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही, पण बऱ्याचदा जन्माच्या वेळी आईकडूनच येतो आणि गुपचूप राहतो. इंदूताईची आई पोट फुगून गेली होती. गावाने करणी म्हटलं होतं. बरा होईल का? पुरता नाही, पण रोजची एक गोळी त्याला जागच्या जागी बांधून ठेवते. मीठ कमी, अंगातलं पाणी काढायची गोळी, ठरलेल्या वेळी तपासणी. नवऱ्याचं आणि मुलीचं रक्त तपासून घ्या. दोघांचं स्वच्छ निघालं, त्यांना लस दिली. मीही घेतली. सुयांशी माझा रोजचा संबंध आणि माझ्या सुईने ती कित्येकदा काड्या ओवत होती.

परत येताना ती रिक्षात एकच वाक्य बोलली. “म्हणजे मी आयुष्यभर चुकीच्या जागी बघत होते.” मला वाटलं आता रडेल. ती दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होती, फसवणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

मी तिला एकच सल्ला दिला, की बिल्डिंगमध्ये बोलू नकोस. मला माणसं माहीत आहेत. ती म्हणाली, “मी काय चोरी केली? आणि गप्प बसून कसं चालेल? किती जणांना मी डोळे बघून परत पाठवलंय. त्यांना कोण सांगणार?” त्याच रविवारी जिन्यात माळेसाठी माणसं जमली होती, त्यांच्यासमोर उभी राहून तिने सगळं सांगितलं. आपले हात वर करून दाखवले. “याला तुम्ही हातगुण म्हणत होतात. हा आजार आहे. आतडी-काळीज सडेपर्यंत डोळे पांढरे राहतात. घरात कुणी काविळीने, पोटात पाणी होऊन गेलं असेल तर रक्त तपासून घ्या. मी सांगितलं होतं काय नाय म्हणून, ते विसरा.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि तुझी सुई यापुढे मला देऊ नको. माझी वेगळी आणलेय.”

पुढे जे झालं ते मला अपेक्षित होतं, तरी झालं तेव्हा राग आलाच. पुढच्या रविवारी जिना रिकामा. तिच्या दारावरून जाताना मुलांचे हात धरले जाऊ लागले. तिने दिलेली कैरी एका घराने दुसऱ्या घराच्या मोलकरणीला दिली. नळावर तिची बादली आली की बाकीच्यांना अचानक कामं आठवायची. हातचं न घेणं हा प्रकार माझ्या घराण्याला नवा नाही. माझ्या आजीच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, आणि तिला तर कसलाच विषाणू नव्हता. त्यामुळे या बाबतीत माझा राग तयारच असतो, नव्याने आणावा लागत नाही. पण इंदूताईला हे नवीन होतं. जिच्या हातासाठी लोक पहाटे उठून यायचे, तिच्या हातातून आता साधी वाटी कुणी घेईना. गोळीने अंगाला आराम पडत होता, पोट उतरत होतं, आणि हे दुसरं दुखणं वाढत होतं. तरी दर रविवारी ती दार उघडं टाकून उंबऱ्याशी बसायची. “कुणी येणार नाही गं,” मी म्हणायचे. “नाय आलं तर नाय आलं. दार लावलं तर त्यांना वाटेल मला पटलं.”

डॉक्टरीणबाईंशी तिचं भांडण मात्र चालूच राहिलं. त्या म्हणायच्या माळ बंदच करा. ही म्हणायची, “बंद केली तर ते दुसऱ्या माळवालीकडे जातील, तुझ्याकडे नाय येणार.” शेवटी दोघींत असं ठरलं, की आधी रक्त, मग माळ, आणि कुणाचंही औषध बंद करायचं नाही. डॉक्टरीणबाईंना हे मनापासून पटलेलं नव्हतं. तसं त्या बोलूनही दाखवायच्या.

मग गणपती आले. आमच्या बिल्डिंगचा गणपती माझ्या दुकानाला लागून बसतो आणि नैवेद्याचे उकडीचे मोदक कोकणातल्या बायका मिळून तिथेच मागच्या खोलीत करतात. इंदूताईच्या मोदकाला तोड नव्हती. पातळ पारी, बारीक सारख्या कळ्या. त्या वर्षी सावंतवहिनी, ज्या सगळ्याचं पुढारपण करतात, आदल्या दिवशी तिला गोड आवाजात म्हणाल्या, “इंदू, यंदा तू आराम कर हो. तब्येत सांभाळ.”

“तब्येत बरी आहे माझी,” इंदूताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली, हात धुतले, पाटावर बसली आणि उकडीचा गोळा पुढे ओढला. कुणाची उठवायची हिंमत झाली नाही, पण तिच्यासमोर वेगळं ताट सरकवलं गेलं. अर्थ कळण्यासारखा होता. तिच्या ताटातले मोदक नंतर बाजूला ठेवायचे होते. मी दुकानातून मधल्या दाराने बघत होते. आणि बघते तर काय, इंदूताई मोदक वाईट करत होती. जाड पारी, तीन-चार बेंगरूळ कळ्या, वर वाकडं नाक. हुबेहूब सावंतवहिनींचे मोदक. ताट भरून मोदक वेगळे उकडून आले तशी ती उठली आणि सगळ्यांसमोर, काही न लपवता, ते ताट मोठ्या टोपल्यात रिकामं केलं. वर एकदा हलवलं.

“आता निवडा,” ती म्हणाली.

निवडणार कसे? सगळे एकसारखे. सावंतवहिनींचा चेहरा उतरला, कारण ‘हे वाकडे इंदूचे’ म्हणावं तर स्वतःचे टाकावे लागणार होते.

“हे काय गं इंदू? लोकांच्या तोंडात जायचंय ते.”

“त्यासाठीच केलेत. डॉक्टरनी सांगितलंय, जेवणातून होत नाय, हात लावून होत नाय, शेजारी बसून होत नाय. मी जिन्यात सांगितलं तेव्हा तुम्ही होतात. पटत नसेल तर देवाला विचारा. तो नको म्हणाला तर मी सगळे परत नेते.”

देव काही बोलला नाही. आरती झाली, नैवेद्य झाला, टोपलं मधोमध आलं आणि कुणी हात घालेना. मोदक गार व्हायला लागले. इंदूताई ताठ उभी होती, पण तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. आपले हात लपवताना मी तिला तेवढं एकदाच बघितलं.

मी गणपतीचा प्रसाद खात नाही. आमच्या घरात खात नाहीत, ती आमची प्रतिज्ञा आहे, आणि बिल्डिंगला हे माहीत आहे. वर्षानुवर्षं मी नम्रपणे हात जोडून बाजूला होते. त्या दिवशी मी शिलाईमशीनवरून उठले, मंडपात गेले, टोपल्यातला एक मोदक उचलला आणि तिथेच उभ्याने खाल्ला. म्हटलं, “प्रसाद म्हणून नाही खात. इंदूताईच्या हातचा म्हणून खातेय. तुम्हाला तर दोन्ही कारणं आहेत.” मोदक खरंच वाईट होता. पारी कच्ची होती, बहुधा तो सावंतवहिनींचा असावा.

कुणीतरी हसलं. मग डब्याच्या कारखान्यातला एक कामगार पुढे आला, मग त्या रिक्षावाल्याची बायको, मग पोरं, ज्यांना तोवर धीरच निघत नव्हता. सावंतवहिनींनी शेवटी एक घेतला आणि तो पदराखाली नेला. खाल्ला की नाही मला माहीत नाही. पण टोपलं रिकामं झालं. इंदूताईने ते स्वतः धुतलं आणि सगळ्यांना दिसेल असं पालथं घातलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर खोटं होईल. काही दारं शेवटपर्यंत बंद राहिली. पण रविवारी जिन्यात पुन्हा एकेक जण दिसायला लागला, आणि त्यातले काही माळ न घेताच रक्त तपासायला जाऊ लागले. इंदूताई आता डोळे बघायची नाही. तळहात बघायची, दंड दाबून बघायची, पायावर अंगठा टेकवायची, आणि पहिला प्रश्न विचारायची, “तुझ्या माहेरी कोण गेलं गो असं?” आणि सरळ डॉक्टरीणबाईंकडे पिटाळायची.

पुढे कारखाना हलला आणि ती दोघं मुलीजवळ घोडबंदरला राहायला गेली. फोन असतो. गोळी चालू आहे, सोनोग्राफी वेळेवर होते, मीठ अजून चोरून खाते. पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती जायच्या दिवशी सकाळची इंदूताई. निरोपाचं जेवण माझ्याकडे होतं म्हणून आम्ही दोघी नाक्यावर मासळी घ्यायला गेलो होतो. डोंगरीहून टोपली घेऊन येणारी मथुराबाय तिथे बसते. इंदूताईने बांगडे निवडले, आणि मथुराबायने पिशवी पुढे केली तेव्हा पिशवी न घेता तिचा हातच धरला. उजेडाकडे उलटा केला.

“हात लाल कशाने गो तुझे?”

“बर्फानं हाय. सोड.”

“दोन्ही हातांना एकाच जागी? बर्फ काय मापाने लावतेस? दुसरा दाखव.”

“सोड गो बाय, धंद्याची येल हाय. मला काय झालेलं न्हाय. डोलं बघ माजं, पांढरं हायत.”

मी इंदूताईकडे बघितलं. ती हसली नाही. तिने स्वतःचा तळहात मथुराबायच्या तळहाताशेजारी उताणा धरला. दोन्ही अंगठ्यांखाली तोच लाल रंग होता.

“माझे पण पांढरेच होते,” ती म्हणाली. “तुझ्याकडे कोण गेलं गो पोट फुगून?”

मथुराबायने दुसऱ्या हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “आयस गेली माजी. माजा भाव पन.”

मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती, कुणीतरी दर विचारत होतं, टोपलीतला बर्फ वितळून रस्त्यावर चालला होता. इंदूताईने हात सोडला नाही, आणि मथुराबायने तो ओढायचं थांबवलं होतं.